जीवनची ताई

त्या जूनमध्ये मोहखेडच्या अंगणवाडीत जी नवी मुलं आली, त्यांत गोविंदाची जुळी होती. काजल आणि जीवन. काजल आधी जन्मली, तीही काही मिनिटांच्याच फरकानं. पण घरात तिला कोणी काजल म्हणत नसे. आई, बाप, आजी, शेजारच्या बाया, सगळे तिला ताई म्हणत. चार वर्षांची ताई. पहिल्या दिवशी अंगणवाडीच्या दारात आजीनं, विमलबाईनं, दोघांचे हात एकमेकांत दिले आणि सांगितलं, "ताई, याले सोडू नोको बरं." काजलनं मान हलवली. तिनं खरोखरच सोडलं नाही.

अंगणवाडी संजीवनी चालवत होती. मोहखेड तिचं सासर. लग्नानंतर काही वर्षांत तिला सेविकेचं काम मिळालं, आणि आता तिच्या हाताखालून गेलेली पोरं दहावीला बसू लागली होती. मदतनीस सिंधूताई तिच्याहून वयानं मोठ्या. खिचडी, उसळ, झाडलोट, रडणाऱ्या पोरांना कडेवर घेणं हे सगळं त्यांच्याकडे. मुलं संजीवनीला मॅडम म्हणत आणि सिंधूताईंना मावशी. एक खोली, एक ओसरी, पुढं अंगण आणि अंगणात लिंबाच्या झाडाखाली वाळूचा ढीग, एवढी ती अंगणवाडी.

जीवन बोलत नाही हे संजीवनीच्या लगेच लक्षात आलं. नवीन मुलं पहिले काही दिवस गप्प असतात, त्यात विशेष काही नसतं. पण जीवन पावसाळा अर्धा सरला तरी गप्पच होता. रडतही नसे. काजलच्या मांडीला मांडी लावून बसायचा आणि बघत राहायचा. ऐकू येत नसेल म्हणून संजीवनीनं त्याच्या पाठीमागे डबा वाजवून पाहिला. त्यानं वळून बघितलं. मुलांची तपासणी करायला डॉक्टरांची गाडी आली तेव्हा तिनं त्याला मुद्दाम पुढे केलं. डॉक्टरांनी कान पाहिले, जीभ पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाले. घरी बोलतो का, असं त्यांनी सोबत आलेल्या आजीला विचारलं.

"काजलसंग बोलते," विमलबाई म्हणाली. "हळूच कानात सांगते तिले. मंग थे सांगते आमाले. ताई हाये नं त्याची, सांगाले."

अंगणवाडीत तेच चाले. हजेरीला संजीवनीनं "जीवन" म्हटलं की काजल त्याचा हात धरून वर करी. "जीवनले पानी पायजे." "जीवनले शी आली." "जीवनले हिरवा ठोकळा पायजे, थो नाई, थो." खिचडीची ताटली आली की ती आधी त्याच्या ताटलीतली खिचडी पसरून फुंकर मारी, घास करून त्याच्या तोंडात देई, मग आपली खाई. तोवर तिची निवून गेलेली असे. त्याची चप्पल ती शोधून ठेवी. कोणी त्याला ढकललं तर मध्ये उभी राही.

बघणाऱ्याला कौतुक वाटावं असंच ते होतं, आणि सगळ्यांना वाटे. सिंधूताई इतर पोरांना म्हणत, "पाहा काजलकडे, शिका जरा." संजीवनीही म्हणे. चटया वाटायच्या, मणी गोळा करायचे, लहानग्यांना हात धुवायला रांगेत उभं करायचं, अशी कामं ती काजलला सांगू लागली. एवढ्या मुलांत एक समजूतदार मूल असलं की बाईचा दिवस सोपा जातो. काजल सांगितलेलं काम पुरं करून परत जीवनशेजारी येऊन बसे आणि पुढचं काम कधी सांगतात म्हणून संजीवनीकडे बघे.

संजीवनीचा विचार मात्र जीवनभोवती फिरत होता. प्रशिक्षणात तिला सांगितलं होतं की मुलाला विचारल्यावर थांबावं, उत्तराला जागा द्यावी. ती जीवनसमोर बसून विचारी, "जीवन, तुले काय पायजे?" आणि थांबे. जागा जेमतेम श्वासभर रिकामी राही. मग काजल ती भरून टाकी. संजीवनीनं दोघांना वेगळ्या चटईवर बसवून पाहिलं. जीवन सरपटत सरपटत काजलजवळ गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काजलच उठून त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मॅडम, त्याले करमत नाई."

पालकांच्या बैठकीला त्यांची आई, करिष्मा, आली होती. गोविंदाची तीन एकर बागायती. वांगी, मिरची, कोथिंबीर. माल घेऊन तो जळगाव जामोदला जाई आणि करिष्मा दिवसभर वाफ्यांत असे. तिच्या बोटांना मिरचीची आग कायमची होती. बोलताना ती हात पदरात गुंडाळून बसे.

"ताईले थोडं दूर ठेवा लागन," संजीवनीनं तिला सांगितलं. "थे बोलते म्हनून हा बोलत नाई."

"पर त्याले काई झालं तं?" करिष्मा म्हणाली.

काय होईल, असं संजीवनीनं विचारलं तेव्हा करिष्मानं जन्माच्या वेळची हकिकत सांगितली. काजल बरी होती, जीवन ओंजळीत मावेल एवढा. त्याला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, आणि करिष्मा तिथे. काजल आजीकडे घरी आली, वरच्या दुधावर. पुढे जीवन घरी आला तेव्हा विमलबाईनं पाळण्याशी काजलला धरून सांगितलं की हा तुझा भाऊ, याला जपायचं. काजलला तेव्हा काय कळणार? पण ते सांगणं कधी थांबलं नाही. ती रांगायला लागली तेव्हा सांगितलं, चालायला लागली तेव्हा सांगितलं. जीवन आता इतर मुलांएवढाच धडधाकट होता, वजनकाट्यावर काजलपेक्षा थोडा जास्तच भरे. घरात ते कोणाला दिसत नव्हतं.

दिवाळीच्या थोडं आधी काजलला ताप आला. साधा असेल म्हणून गावातच औषध घेतलं, उतरला नाही. मग गोविंदा आणि करिष्मा तिला खामगावला घेऊन गेले आणि तिथं तिला भरती करून घेतलं. करिष्मा तिच्याजवळ राहिली. घरी विमलबाई आणि जीवन. मिरचीचा तोडा आलेला. म्हातारीला शेतात जाणं भाग होतं. तिनं जीवनला अंगणवाडीच्या ओसरीवर बसवलं आणि निघून गेली.

जीवन दाराच्या चौकटीला टेकून बसला. आत आला नाही. रस्त्याकडे बघत राहिला. हजेरीत त्याचं नाव घेतलं तेव्हा त्याचा हात वर करायला कोणी नव्हतं. संजीवनीनं नाव घेतलं, थांबली, त्याच्याकडे बघून "आला हाये" म्हणाली आणि पुढचं नाव घेतलं.

जेवणाच्या वेळी सिंधूताई त्याची ताटली घेऊन त्याच्याजवळ बसल्या आणि घास करू लागल्या.

"चारू नोका, मावशी," संजीवनी म्हणाली. "ठेवा त्याच्यापुढं."

"थो खानार हाये का हातानं? बहीन नाई त्याची आज."

"म्हनूनच ठेवा."

ताटली ठेवली. संजीवनी स्वतःची ताटली घेऊन त्याच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसली आणि जेवू लागली. त्याच्याकडे बघितलं नाही. जीवननं खिचडीला हात लावला नाही. मुलं जेवून उठली, हात धुऊन आली, झोपायला चटया टाकल्या तरी ताटली तशीच. सिंधूताईंनी ती उचलली तेव्हा त्या संजीवनीवर रागावलेल्या दिसत होत्या.

विमलबाईला हे संध्याकाळी कळलं. ती सकाळी तावातावानं आली.

"लेकरू उपाशी ठेवलं म्हने तुमी?"

"ताट त्याच्यापुढंच होतं, विमलबाई."

"ताट पुढं असून काय होते? चारा लागते त्याले. त्याची माय तिकडं दवाखान्यात बसून राह्यली, आन इकडं तुमी त्याले शिकवून राह्यल्या."

संजीवनीला यावर बोलण्यासारखं बरंच होतं, पण म्हातारी रात्रभर झोपली नसावी हे तिला दिसलं. "आज खाईन थो," एवढंच ती म्हणाली. तिला स्वतःला त्याची खात्री नव्हती. काल रात्री तीही नीट जेवली नव्हती.

त्या दिवशी त्यानं खाल्लं. सगळ्यांची पाठ असताना, बोटांनी, भिंतीकडे तोंड करून. अर्धी ताटली संपली. सिंधूताईंनी रिकामी जागा बघितली आणि अजून थोडी वाढली.

पुढं तो हळूहळू चौकटीवरून ओसरीत आला, ओसरीवरून अंगणात. वाळूच्या ढिगाशी संजीवनीनं पाण्याची बादली, नारळाच्या करवंट्या आणि फुटकं गाळणं ठेवलं होतं. ओल्या वाळूचे उंडे करायचा त्याला नाद लागला. एकासारखा एक, ओळीनं. शालिग्राम पाटलांचा नातू शिवम हा अंगणवाडीतला सगळ्यांत धसमुसळा मुलगा. तो आला, त्यानं जीवनच्या हातातली करवंटी ओढून घेतली आणि चालू लागला.

संजीवनी ओसरीत एका मुलीची वेणी घालत होती. ती उठणार होती. उठली नाही.

जीवननं इकडंतिकडं पाहिलं. मध्ये उभं राहायला कोणी आलं नाही. तो उठला, शिवमच्या मागे गेला, करवंटीला धरलं आणि म्हणाला, "माही हाये."

आवाज घोगरा होता, पण चांगला मोठा. शिवमलाच आश्चर्य वाटलं असावं. त्यानं करवंटी सोडून दिली आणि विचारलं, "तुले बोलता येते?"

"हाव," जीवन म्हणाला.

दोघं मग वाळूत बसले. पुढचे काही दिवस शिवमनं त्याला बोलायला लावलं, म्हणजे शिवमला कोणीतरी ऐकणारा हवा होता आणि मध्येमध्ये हो-नाही म्हणणारा. जीवन हो-नाहीवरून 'दे', 'नोको', 'माह्या इथी ये' इथवर आला. गाण्याच्या वेळी तो ओठ हलवू लागला. एकदा टाळ्या वाजवत त्यानं पावसाचं अख्खं बडबडगीत म्हटलं. संजीवनीनं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि करिष्माला पाठवला. करिष्माचा लगेच फोन आला. शेजारी काजल होती. तिलाही दाखवला, असं ती म्हणाली. काजल काय म्हणाली, हे संजीवनीनं विचारलं नाही.

पर्यवेक्षिका मॅडम भेटीला आल्या तेव्हा संजीवनीनं त्यांनाही जीवनबद्दल सांगितलं. त्यांनी इतर गावांतल्या सेविकांपुढे हे उदाहरण मांडायचं ठरवलं. संजीवनी त्या दिवशी घरी जाताना समाधानी होती.

दिवाळीनंतर काजल परत आली. वाळलेली, केस उतरवलेले, फ्रॉक अंगावर लोंबत होता. आल्याबरोबर ती जीवनजवळ गेली. शिवमला बाजूला सारून मध्ये बसली.

"मॅडम, जीवनले पानी पायजे," ती म्हणाली.

"मले नाई पायजे," जीवन म्हणाला.

मुलं हसली. सिंधूताई हसल्या. संजीवनीलाही हसू आलं. तिला त्याच्या आवाजाचा आनंद झाला होता. काजल कोणाकडेही न बघता उभी राहिली. मग आत जाऊन चटयांच्या ढिगावर बसली.

जेवताना तिनं त्याची ताटली पुढं ओढली, खिचडी पसरली, फुंकर मारली. जीवननं ताटली आपल्याकडे ओढली. तिनं पुन्हा ओढली. खिचडी जमिनीवर सांडली. "काजल, खाऊ दे त्याले हातानं," संजीवनी म्हणाली. "आता येते त्याले."

त्या आठवड्यात काजलनं शिवमच्या दंडाला चावा घेतला. रक्त आलं. शिवमची आई तणतणत येऊन गेली. दोन दिवसांनी काजलनं बसल्या जागी लघवी केली, जे तिनं पहिल्या दिवसापासून एकदाही केलं नव्हतं. गोलात बसल्यावर ती गात नसे. हजेरीला आपलं नाव आल्यावर हात वर करत नसे. संजीवनीनं तिला जवळ घेऊन विचारलं, मग समजावलं, मग थोडं रागावलं. "तू तं किती शहानी होती, काजल. काय झालं तुले?"

काजलनं खाली पाहिलं. संजीवनीनं तिला काम दिलं तर बरं वाटेल म्हणून चटया वाटायला सांगितलं. तिनं वाटल्या. परत आली आणि उभी राहिली.

"जा, आता खेळ," संजीवनी म्हणाली.

"काय खेळू?"

"तुले वाटते थे."

काजल उभीच राहिली. संजीवनीनं ठोकळ्यांची टोपली तिच्यापुढं ठेवली. "घे. तुले कोनता पायजे?"

"जीवनले हिरवा आवडते."

"जीवनले नाई इचारलं. तुले कोनता आवडते?"

काजलनं टोपलीत पाहिलं. लाल, पिवळे, निळे, हिरवे. तिनं एकाला हात लावला, काढून घेतला, दुसऱ्याला लावला, आणि संजीवनीच्या तोंडाकडे बघितलं, जणू बरोबर उत्तर तिथं लिहिलेलं असावं. मग तिचे डोळे भरले. ती रडू लागली; आवाज न करता, हात बाजूला सोडून, मोठ्या माणसासारखी.

संजीवनी तिच्याजवळ जमिनीवर बसली. जूनपासून ही मुलगी रोज तिच्यापुढं होती. तिनं तिला काम करताना पाहिलं होतं, सांगताना, फुंकर मारताना, रांग लावताना. खेळताना पाहिल्याचं तिला एकदाही आठवेना. तिनं तो विचार कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहिला. भातुकलीच्या कोपऱ्यात? नाही. वाळूत? वाळूत ती जीवनचे हात झटकत बसायची.

त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी संजीवनी गोविंदाच्या घरी गेली. करिष्मा ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. विमलबाई चुलीशी. जीवन अंगणात सायकलचं टायर पळवत होता, काजल त्याच्या मागे मागे चालत होती.

संजीवनीनं जे झालं ते सांगितलं. तिनं आपल्याकडून काय चुकलं तेही सांगितलं, थोडक्यात.

विमलबाई म्हणाली, "पोरीची जात हाये. भावाले सांभाळलं तं काय झिजते? आमी नाई सांभाळले?"

"तुमी कोनाले सांभाळलं?" संजीवनीनं विचारलं. तिनं ते टोचून विचारलं नव्हतं.

"चार भाऊ," विमलबाई म्हणाली. "लहानाले तं काखेतून खालीच उतरू देत नोती मी." तव्यावरची भाकर उलटताना तिची बोटं जरा थांबली.

करिष्मानं जुडीला सुतळी गुंडाळली. "दवाखान्यात सलाईन लावून होतं," ती म्हणाली, "तरी इचारे, जीवनले कोन चारते? मी म्हणलं, तू लवकर बरी हो, मंग तूच चारजो. मले वाटलं, हे ऐकून तिले बरं वाटन." तिनं अंगणाकडे पाहिलं. "मंग तुमचा थो व्हिडिओ आला. तिनं पाह्यला. काईच बोलली नाई. भिताडाकडं तोंड करून निजली. मले वाटलं, ताप हाये म्हनून."

थोड्या वेळानं करिष्मानं हाक मारली, "काजल."

काजलनं बघितलं नाही. ती हाक आईच्या तोंडून आपल्यासाठी असेल हे तिला कळलंच नसावं. करिष्माला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली.

अंगणवाडीत संजीवनीनं एक गोष्ट बंद केली: काजलला काम सांगणं. चटया आता पाळीपाळीनं कोणीही वाटे. पहिल्या दिवशी चटया दुसऱ्याच्या हातात बघून काजल दारामागे जाऊन बसली. संजीवनीनं तिला बाहेर काढलं नाही. स्वतः जाऊन दारामागे तिच्याजवळ बसली आणि तिला मांडीवर घेतलं. चार वर्षांच्या मुलीला मांडीवर बसणं नीट जमत नव्हतं. पाठ ताठ, पाय खाली टेकलेले.

जेवताना काजल ताटलीपुढं बसून राहिली. संजीवनी सिंधूताईंना म्हणाली, "मावशी, हिले चारा."

सिंधूताईंनी तिच्याकडे पाहिलं. "त्याले चारू देल्लं नाई. आन ह्या मोठीले चारू म्हनता?"

"हाव."

"काऊन?"

"त्याले लय चारलं होतं. हिले चारलंच नाई कोनी."

सिंधूताईंना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांना चारायला आवडे. त्या भिंतीला टेकून बसल्या, काजलला पुढ्यात घेतलं आणि घास देऊ लागल्या. काजल आधी तोंड मिटून बसली. मग उघडलं. नंतर ते रोजचं झालं. ताटली आली की ती सिंधूताईंच्या पुढ्यात जाऊन बसे, पाणीही त्यांच्या हातून पिई. बोलणंही बाळासारखं करू लागली. शिवमनं तिला "बाबू" म्हणून चिडवलं तेव्हा ती चक्क हसली. मार्गशीर्ष महिना सगळा असा गेला. संजीवनीला मधूनमधून वाटे, आपण एका पोराला उभं केलं आणि एका पोरीला बसवलं तर नाही? विचारायला कोणी नव्हतं. पर्यवेक्षिका मॅडमना तिनं फोनवर सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, थोडं थांबून बघा. तिनं तेच ठरवलेलं होतं, तरी कोणीतरी ते म्हटल्यानं बरं वाटलं.

संक्रांत झाल्यावर एक दिवस काजल जेवायला सिंधूताईंकडे आली नाही. ती वाळूत होती. तिनं पाण्याची बादली ढिगावर उपडी केली होती, खड्डा केला होता आणि खड्ड्यात दोन्ही पाय घालून बसली होती. फ्रॉक, हात, नुकतेच वाढू लागलेले केस, सगळं चिखलानं माखलेलं. जीवन आणि शिवम बाजूला उभे होते. ढीग त्यांचा होता, त्यांचे उंडे त्यात गेले होते.

"काजल, सरक," जीवन म्हणाला.

"नाई सरकत," काजल म्हणाली. "माहं हाये थे."

तिघांची मारामारी झाली. काजलनं वाळू फेकली, जीवननं तिला ढकललं, ती त्याच्यावर पडली. संजीवनी या वेळी उठली, डोळ्यांत वाळू गेलेली म्हणून. तिघांचे डोळे धुतले. काजल धुताना ओरडत होती, तिला परत खड्ड्यात जायचं होतं.

त्यानंतर काजल शहाणी राहिली नाही. गोलात बसायला सांगितलं की पळे. आवडतं खेळणं मिळालं की कोणाला देत नसे. मोठ्यानं गाई, सुरात नसे. करवंटीवरून, ठोकळ्यावरून, खिडकीजवळच्या जागेवरून भांडे. जीवनकडे तिचं लक्ष असे किंवा नसे. तो रडला तर बघून येई आणि परत आपल्या कामाला लागे. हातानं जेवू लागली. सिंधूताईंना त्याचं जरा वाईट वाटलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला पर्यवेक्षिका मॅडम पुन्हा आल्या. अंगणात त्यांच्या साडीवर चिखलाचा एक उंडा येऊन आदळला. फेकणारी पळून गेली.

"ही तीच ना?" त्यांनी विचारलं. "मागे पावसाळ्यात आले तेव्हा चटया वाटत होती ती? किती गुणी होती."

"हो," संजीवनी म्हणाली. "तीच."

"मग असं काय झालं हिला?"

"खेळते आता," संजीवनी म्हणाली आणि त्यांना साडी पुसायला ओला रुमाल आणून दिला.

घरी सगळंच बदललं असं झालं नाही. करिष्मा आता बहुतेक वेळा काजल म्हणे, कधी विसरे. गोविंदा दोन्ही पोरांना टेम्पोत पुढं बसवून भाजी बाजारात नेऊ लागला. विमलबाईचं मत तेच राहिलं. एकदा अंगणवाडी सुटताना ती न्यायला आली आणि म्हणाली, "ताई, भावाचा हात धर." काजल म्हणाली, "त्याले पाय हायेत नं," आणि पुढं पळाली. विमलबाई संजीवनीकडे वळली. "बिघडवली तुमी पोरगी," ती म्हणाली. म्हातारीनं जीवनचा हात धरला. कोपऱ्यापर्यंत त्यानं धरू दिला, मग सोडवून घेतला आणि बहिणीच्या मागे पळाला. विमलबाई एकटीच सावकाश चालत गेली.

पुढच्या वर्षी दोघं अंगणवाडीतच होती, त्यानंतर शाळेत गेली. जीवन कमीच बोलणारा निघाला; काही माणसं असतात तशी. शाळेतल्या गुरुजींनी काजलची तक्रार एकदोनदा घरी पाठवली.

एका बाजाराच्या दिवशी संजीवनी जळगाव जामोदहून परतत होती. बस भरलेली होती. खिडकीशी करिष्मा आणि काजल बसल्या होत्या. करिष्मानं सरकून तिला जागा दिली. काजल दोघींच्या मध्ये आली. बस हलली तशी ती बोलू लागली. त्यांच्या बकरीला पिल्लू झालं होतं, त्याचा एक कान वाकडा होता, त्याला तिनं नाव ठेवलं होतं ते आजीला आवडत नव्हतं, पिल्लू टमाटे खात नाही पण वांग्याची पानं खातं, आणि आज बाजारात एक माणूस मोठ्या पिंजऱ्यात पांढरी कबुतरं विकत होता. करिष्मा खिडकीला डोकं टेकून झोपी गेली. संजीवनीलाही उन्हानं, गर्दीनं थकवा आला होता. तिचे डोळे मिटू लागले. काजलनं तिचा दंड हलवला.

"मॅडम, ऐकून राह्यल्या का?"

"हाव," संजीवनी म्हणाली, "सांग," आणि सावरून बसली.